तलफेवरची लस

व्यसनावर लस येणार, ही बातमी दर दोन-तीन वर्षांनी नव्याने उगवते. ब्राझीलमध्ये तयार झालेल्या कोकेनविरोधी ‘कॅलिक्सकोका’ लशीला २०२३ मध्ये पुरस्कार मिळाला, तेव्हा ती उगवली. अमेरिकेत फेंटॅनिल या अफूसारख्या जहाल औषधावरच्या लशीचं काम पुढे सरकलं, तेव्हा पुन्हा उगवली. दर वेळी आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग तंबाखूवर का नाही? त्यावरचा वादही ठरलेला. एक बाजू म्हणते, विज्ञानाने देवी घालवली, पोलिओ घालवला, तलफ किस झाड की पत्ती! दुसरी बाजू म्हणते, व्यसन हा मनाचा खेळ आहे, सुया टोचून कुठे कुणाची पुडी सुटलीय? मग दोघे एकमेकांवर पानाच्या पिचकाऱ्या टाकत बसतात. दोघांनाही एक साधी गोष्ट माहीत नसते. निकोटिनवरची लस येऊन गेली. हजारो माणसांना ती टोचून झाली आणि २०११ साली ती पडली. जी गोष्ट घडून गेली तिच्याबद्दल आपण अजून ‘होईल की नाही’ असा वाद घालतोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही लस पडली म्हणून ती कल्पना मूर्खपणाची ठरत नाही, आणि व्यसन म्हणजे नुसता मनाचा कमकुवतपणा हेही त्यातून सिद्ध होत नाही. लशीवर संशोधन चालू राहावं, पण तिच्याकडून व्यसन सोडवण्याची अपेक्षा ठेवू नये. फार तर ती सुटलेलं व्यसन पुन्हा लागू नये यासाठी उपयोगी पडेल. आणि महाराष्ट्राने तर तिची वाट बघत बसणं म्हणजे शुद्ध ‘रोग हाल्याला आणि औषध पखालीला’.

आधी ती चालते कशी ते पाहू, कारण कल्पना खरोखरच सुंदर आहे. निकोटिनचा रेणू इतका चिमुकला असतो की शरीराच्या पहारेकऱ्यांचं त्याच्याकडे लक्षच जात नाही. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तातही निकोटिनविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार होत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी हा रेणू एखाद्या मोठ्या, शरीराला परक्या वाटणाऱ्या प्रथिनाला चिकटवला. अमेरिकेच्या नाबी कंपनीने ‘निकव्हॅक्स’साठी स्युडोमोनास या जिवाणूचं निरुपद्रवी केलेलं प्रथिन घेतलं. स्वित्झर्लंडच्या सायटोस कंपनीने एका विषाणूचं रिकामं कवच घेतलं. आणखी एका लशीत पटकीच्या विषाचा निरुपद्रवी भाग होता. शरीर त्या मोठ्या प्रथिनावर धावून जातं आणि त्या धावपळीत पाठीवर बसलेल्या निकोटिनलाही ओळखायला शिकतं. नंतर माणसाने झुरका मारला की रक्तातली प्रतिपिंडं निकोटिनला पकडतात. प्रतिपिंडासकट झालेलं ते गाठोडं मेंदूच्या दारातली बारीक गाळणी ओलांडू शकत नाही. एरवी झुरक्यापासून दहा-वीस सेकंदांत मेंदूला मिळणारी लाच वाटेतच जप्त होते. माणूस ओढतो, खोकतो, आणि हाती नुसता धूर.

२०११ साली निकव्हॅक्सच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचा अहवाल छापून आला. ३०१ माणसं होती. सरसकट सगळ्यांत फार फरक नव्हता, पण ज्यांच्या रक्तात सर्वांत जास्त प्रतिपिंडं तयार झाली त्या वरच्या ३० टक्क्यांत सिगारेट सुटण्याचं प्रमाण खोटी, म्हणजे लस नसलेली, सुई घेतलेल्यांच्या दुप्पट होतं. हे आकडे अहवाल छापण्याआधीच बाहेर आले होते, तेव्हाचा उत्साह काय वर्णावा! ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २००९ च्या शेवटी ४ कोटी डॉलर आगाऊ मोजायचं कबूल करून हक्क राखले, अमेरिकी सरकारनेही तिसऱ्या टप्प्यासाठी १ कोटी डॉलर दिले. प्रत्येकी सुमारे हजार माणसांच्या दोन चाचण्या झाल्या. जुलै २०११ मध्ये पहिलीचा निकाल लागला, नोव्हेंबरात दुसरीचा. लस घेतलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांची सिगारेट सुटली. खोटी सुई घेतलेल्यांपैकी किती? तेवढ्याच. सायटोसची लस नोव्हार्टिसने घेतली होती, ती त्याआधीच, २००९ मध्ये, अर्ध्या वाटेत बसली होती. हा ११ टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आता लशीच्या बाजूने जे खरंच वजनदार आहे ते मान्य करू. गोळी रोज आठवणीने घ्यावी लागते, आणि ज्या दिवशी तलफ उसळते त्याच दिवशी माणूस ती ‘विसरतो’. प्रतिपिंडं विसरत नाहीत, काही महिने रक्तात हजर असतात. लस मेंदूत शिरतच नाही, त्यामुळे झोप, मनःस्थिती यांच्याशी छेडछाड नाही. आणखी एक भीती होती, की लस घेतलेला माणूस बांध फोडण्यासाठी दुप्पट सिगारेटी ओढेल. कोकेनवरच्या एका लशीच्या चाचणीत तसं झालंही, काहींच्या अंगात नेहमीच्या दसपट कोकेन सापडलं. निकोटिनच्या चाचण्यांत मात्र तसं फारसं दिसलं नाही. आणि सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे पहिल्या पिढीची लस पडणं हे काही वैद्यकात नवीन नाही. १९३५ साली अमेरिकेत पोलिओच्या दोन लशी एकाच वर्षी आल्या. काही मुलांना त्यांनीच लुळं केलं, काही दगावली, आणि दोन्ही गुंडाळाव्या लागल्या. त्यानंतर वीस वर्षांनी, १९५५ मध्ये, साल्कची लस आली. १९३५ साली कुणी ‘पोलिओवर लस शक्यच नाही’ म्हणून फाइल बंद केली असती तर?

हा दाखला ऐकायला बिनतोड वाटतो. पण पोलिओ झालेलं मूल पोलिओची वाट बघत नसतं. विषाणू आला की शरीर आणि माणूस दोघेही त्याच्याविरुद्ध असतात, लस फक्त त्यांना आधी सावध करते. तंबाखूच्या बाबतीत शरीर आणि माणूस यांची फाटाफूट आधीच झालेली असते. प्रतिपिंडं दारात उभी आणि घरमालक मागच्या दाराने चोराला आत घेतोय, अशी ही राखण. १९७४ साली एका ऱ्हीसस माकडावर केलेल्या प्रयोगापासून हे माहीत आहे. त्या माकडाला हेरॉइनची सवय होती. हेरॉइन ज्याच्यापासून बनतं त्या मॉर्फिनविरुद्ध लस दिल्यावर त्याने हेरॉइनची कळ दाबणं कमी केलं, कोकेनची मात्र पूर्वीसारखीच दाबत राहिलं, आणि हेरॉइनची मात्रा बरीच वाढवल्यावर तेही पुन्हा घेऊ लागलं. पुढे चाळीस वर्षांत जे जे कळलं त्याची निम्मी गोष्ट त्या एका माकडाने सांगून ठेवली होती.

दुसरी निम्मी गोष्ट साध्या अंकगणिताची आहे, आणि ती कुणी मांडत नाही याचं मला नवल वाटतं. निकोटिनच्या रेणूचं वजन १६२, प्रतिपिंडाचं सुमारे दीड लाख. एका प्रतिपिंडाला हात दोन. म्हणजे १ मिलिग्रॅम निकोटिन धरून ठेवायला सुमारे ४६० मिलिग्रॅम प्रतिपिंडं हवीत. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ मिलिग्रॅम किंवा थोडं जास्त निकोटिन जातं. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तद्रव सुमारे ३ लिटर. दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम प्रतिपिंडं, असा चांगला प्रतिसाद धरला तरी रक्तात भरतात १५० मिलिग्रॅम. रक्ताबाहेर आणखी तितकीच धरा. एक सिगारेट संपायच्या आत सगळ्यांचे हात भरलेले. मग दिवसाची दुसरी, पाचवी, बारावी? प्राण्यांवरच्या प्रयोगांत एवढ्या अपुऱ्या फौजेनेही मेंदूत पोचणारं निकोटिन कमी झालं होतं, कारण पहिल्या काही सेकंदांची उसळी तरी बोथट होत होती, हे खरं. म्हणूनच मी कल्पनेला मूर्ख म्हणत नाही. पण ही फौज एखाद्या चोरट्यापुरती आहे, रोजच्या मोर्चापुरती नाही.

इथे दुसऱ्या बाजूला आनंदाच्या उकळ्या फुटतात. ‘बघा, आम्ही म्हणतच होतो. मनात आणलं की सुटतं. आमच्या मामांनी एका दिवसात सोडली.’ तुमच्या मामांना नमस्कार. जगभरात ज्यांची सिगारेट सुटली त्यांतल्या बहुतेकांनी ती कुठल्याही औषधाशिवाय सोडली, हेही खरं आहे. पण आपण मोजतो ते सुटलेले मामा. न सुटलेले मामा लग्नकार्यात मांडवामागे उभे असतात, त्यांना कुणी मोजत नाही. स्वतःच्या बळावर केलेल्या एका प्रयत्नात वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात. उरलेल्या पंच्याण्णवांकडे मन नव्हतं? ज्या बाईने सावकाराचं कर्ज फेडून तीन पोरी शिकवल्या, तिची मिश्री सुटत नाही म्हणून तिचा निश्चय कच्चा?

निश्चयवाद्यांनी व्हिएतनामचा दाखला वाचावा. तिथल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास वीस टक्के हेरॉइनच्या पुरते आहारी गेले होते. १९७१ मध्ये ते परतू लागले तेव्हा सरकार हादरलं होतं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा त्या गर्तेत गेले ते फक्त सुमारे पाच टक्के. हेरॉइन तेच, शरीर तेच, आणि विमानात बसून कुणाचा निश्चय पोलादी होत नाही. बदललं होतं ते ठिकाण. जंगल, भीती, कंटाळा, हाताशी मिळणारी स्वस्त पुडी, तसंच करणारे सोबती, हे सगळं मागे राहिलं. लसवाले व्यसन रेणूत शोधतात, निश्चयवाले स्वभावात. दोघांनाही ते माणसाच्या कातडीच्या आतच हवं असतं. टपरी, कामाची पाळी, संगत, सकाळची संडासची वेळ, यांपैकी काहीच कुणाच्या हिशेबात नसतं.

आणि टपरीवर जाऊन पाहिलं की लशीची अडचण आणखी उघडी पडते. प्रौढांच्या तंबाखू सेवनाच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे होते ३.८ टक्के. तंबाखू चघळणारे, दाढेत धरणारे, दातांना घासणारे होते २४.४ टक्के. आमच्याकडे सिगारेट हा किरकोळ प्रकार आहे. खरा कारभार तंबाखू-चुना, विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा, बायकांची मिश्री यांचा. निकव्हॅक्ससारख्या लशी मात्र सिगारेट ओढणाऱ्यांवर तपासल्या गेल्या, आणि त्यांचा सगळा डाव झुरक्यानंतर दहा-वीस सेकंदांत येणारी उसळी मोडण्याचा होता. दाढेत बार भरला की काय होतं? हातावर मळताना चुना मिसळला जातो तो चवीसाठी नव्हे. चुन्याच्या अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, गुणामुळे निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून सुखाने आत झिरपतं. हळूहळू चढतं, अर्धा-पाऊण तास चढलेलं राहतं. इथे मोडायला उसळीच नाही, संथ भरती आहे, आणि भरतीला दारातले पहारेकरी काय करणार? पहिल्या दहा मिनिटांत त्यांचे हात भरतील आणि उरलेलं निकोटिन त्यांच्या डोळ्यांदेखत आत जाईल.

माझी आत्या रोज पहाटे चुलीपुढे बसून मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, हाताने चुरायची, डबी भरून ठेवायची. तिला कुणी व्यसनी म्हटलं असतं तर तिने लाटणं उगारलं असतं. मिश्री म्हणजे दात घासणं. ‘तिच्याबिगर पोट साफ होत नाही,’ हा त्यावरचा शेवटचा शब्द. जी बाई स्वतःला व्यसनी मानतच नाही ती कुठल्या रांगेत उभी राहून सहा महिन्यांत पाच-सहा सुया टोचून घेणार आहे? आणि घेतल्याच, तर पहाटेच्या त्या अर्ध्या तासाचं काय? घर जागं व्हायच्या आत तिला एकटीला मिळणारा तेवढाच वेळ होता. त्यावर लस नाही.

मग काहींना सुचतं की मोठ्यांचं जाऊ द्या, शाळेतच पोरांना टोचून टाका, म्हणजे पहिल्या झुरक्यालाच मजा येणार नाही. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण ही प्रतिपिंडं काही महिन्यांत विरतात, म्हणजे बारा ते वीस वयापर्यंत टोचतच राहायचं. शिवाय गोवरासारखं व्यसन एका पोराकडून दुसऱ्याला हवेतून जात नाही, तेव्हा शेजाऱ्याच्या भल्यासाठी सक्ती हा युक्तिवादही इथे लागू नाही. सक्तीचं काय होतं ते तर आपण पुण्यात पाहिलंय. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात रँडचे सोल्जर घरात घुसून माणसं तपासत होते, बाहेर काढत होते. जूनमध्ये गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या गेल्या. लोकांच्या मनात सरकारचं औषध आणि सरकारचा बूट यांची जी गाठ तेव्हा बसली, ती सुटायला पिढ्या लागल्या. आजही लसविरोधी अफवा पेटायला काडी लागत नाही. त्या आगीत ‘सरकार पोरांच्या मेंदूवर लस देतंय’ हे सरपण घालायचं?

मग पैसा कुठे घालावा? इथे मला लशीपेक्षा तिच्याभोवतीच्या उत्साहाचा राग येतो. सायटिसिन नावाचं एक औषध आहे. लॅबर्नम या पिवळ्या फुलांच्या झाडापासून मिळतं. बल्गेरियात १९६४ पासून सिगारेट सोडवण्यासाठी विकलं जातंय, आणि स्वस्त आहे. २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं महागडं व्हॅरेनिक्लिन याच्याच रेणूवरून बेतलेलं. न्यूझीलंडमध्ये १३१० माणसांवर चाचणी झाली, तिचा निकाल २०१४ मध्ये आला: महिनाभर सिगारेटविना राहिलेले सायटिसिनवाले ४० टक्के, निकोटिनच्या पट्ट्या-गोळ्यावाले ३१ टक्के. पन्नास वर्षं हे औषध पश्चिमेला जवळजवळ दिसलंच नाही, कारण जुन्या झाडावर पेटंटची मलई नाही. त्याच काळात एका न चाललेल्या सुईसाठी कोटी-कोटी डॉलर हजर होते. आणखी एक निकाल याच्या जोडीला ठेवा. नेदरलँड्समध्ये ५५८ जणांना व्हॅरेनिक्लिन दिलं, वर निम्म्यांना निकव्हॅक्स आणि निम्म्यांना खोटी सुई. दोन्ही गटांत सुटण्याचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास. लशीने त्यात कसलीही भर घातली नाही.

आता त्या ११ टक्क्यांकडे येऊ. निकव्हॅक्सच्या चाचणीत खोटी सुई घेतलेल्यांचीही सिगारेट ११ टक्क्यांच्या प्रमाणात सुटली, आणि एकट्याने झगडणाऱ्यांची शंभरात तीन ते पाच सुटते. चाचणीला येणारी माणसं मुळात सोडायच्या तयारीची असतात, म्हणून दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत, हे कबूल. तरी त्या खोट्या सुईबरोबर त्यांना काय मिळालं ते पाहावं. सोडायची तारीख ठरली. ठरलेल्या दिवशी बोलावणं आलं. समोर बसून ‘या आठवड्यात किती झाल्या?’ असं न रागावता विचारणारं कुणीतरी होतं. घसरलं तर पुढच्या भेटीला पुन्हा विचारणारं तेच माणूस होतं. निकाल जाहीर झाल्यावर कंपनीचे शेअर कोसळले आणि सगळ्यांनी लशीचं प्रेत मोजलं. खोट्या सुईच्या गटात जे जगलं होतं त्याची बातमी कुणी छापली नाही.

लशीला एक चाचणी मात्र अजून द्यायला हवी. तंबाखू सुटून सहा महिने झालेल्या, पण मांडवात मित्राने हातावर ठेवलेल्या एका चिमटीने पुन्हा घसरणाऱ्या माणसावर ती करावी. त्या एका चिमटीपुरती प्रतिपिंडांची फौज कदाचित पुरेल. ती इथे, चुना मळणाऱ्यांवर करावी. आणि ती होईपर्यंत सरकारने निदान खोट्या सुईच्या गटाला मिळालेलं सगळं, सुई वगळून, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावं: एक ठरलेला वार, एक ठरलेली नर्सबाई, सोबत निकोटिनच्या गोळ्या, आणि घसरलेल्याला परत बोलावणारा फोन. आज १८००-११-२३५६ हा मदतीचा नंबर पुडीवर छापलेला असतो. पुडी फोडताना अंगठा बरोबर त्याच्यावरच पडतो.